बाहीवरचं भोक

धाकटीने कोट टेबलावर असा आपटला की बटणं वाजली.

"वहिनी, भोक कुठंय?"

"बुजवलं," थोरली मान वर न करता म्हणाली.

"कोटवाल्या बाई केवढ्या चिडल्या! म्हणाल्या, हा नुसता जुना कोट दिसतोय. दुरुस्ती दिसतच नाही. संध्याकाळी परत येतायत."

थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. कोटाच्या आतल्या दुमडीतून एकेक धागा उपसून तिने तो बाहीवरच्या भोकात भरला होता, उभ्यात उभा, आडव्यात आडवा. तीन दिवस मान मोडून. रफू दिसला तर तो रफू कसला? पण धाकट्या जावेच्या या दुकानात सगळाच उलटा कारभार. इथे गिऱ्हाइकांना फाटलेलं मिरवायचं असायचं. कपडे टाकत नाही, जपून वापरतो, हे चारचौघांना दिसायला हवं ना!

"शंभरदा सांगितलं, लाल दोरा घ्या. जाड टाके घाला. तुमचा हट्ट काही सुटत नाही."

"असले टाके शाळेतली पोरंही घालतात."

"मग पोरंच ठेवते कामाला. उद्यापासून येऊ नका."

थोरलीने हातातली सुई खाली ठेवली. वीस वर्षं सुईवर काढलेली बाई. रफू करून घेणारं दुसरं दुकान आता गावात उरलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. धाकटीला जरा जास्तच.

धाकटीने कोट खिडकीशी नेला. बाही उलटी केली, सुलटी केली, नखाने चाचपली.

"मीच घालते लाल टाके. कुठंय ते, दाखवा."

"सापडत नाही?"

"टोमणे नकोत. दाखवा."

थोरलीने चष्मा लावला. कोपरापासून वर बोट फिरवत नेलं, पुन्हा खाली आणलं. बाही उजेडात ताणून धरली. पुन्हा पाहिलं.

तिला स्वतःलाही सापडेना.

असं आजवर कधी झालं नव्हतं. तिचा ऊर भरून आला. हे आत्ता, या क्षणी, कुणालातरी सांगावंसं वाटलं तिला. समोर धाकटी उभी होती, कपाळाला आठ्या घालून.

थोरलीने बाहीवरच्या धडधाकट कापडावर कुठेतरी बोट टेकवलं.

"इथे," ती म्हणाली.

धाकटीने सुईत लाल दोरा ओवला.