उल्हासची प्रॉक्सी

दर दोन वर्षांनी, सप्टेंबर संपता संपता, शुगर लँडचा उल्हास टिपणीस कसा आहे हे ॲन आर्बरच्या अरुण बोडसला कळायचं. तब्येत बरी, झोप पुरेशी, नोकरीत समाधान सातपैकी पाच. माहिती अगदी भरवशाची असायची, कारण ती अरुणच लिहायचा.

याचं मूळ १९६८ सालात होतं. दोघे एकाच कॉलेजातून एकाच विमानाने अमेरिकेत आले आणि मिसेस डोनली नावाच्या विधवेच्या माळ्यावर एकाच खोलीत राहिले. दोघांत मिळून एकच ओव्हरकोट होता, म्हणून आठचं लेक्चर एकाने गाठायचं आणि अकराचं दुसऱ्याने. त्याच थंडीत विद्यापीठाची एक बाई कागदांचं बाड घेऊन माळ्यावर चढली. परदेशातून आलेल्या बासष्ट विद्यार्थ्यांना जन्मभर, दर दोन वर्षांनी, तेच ते प्रश्न विचारायचे असा तिच्या विभागाचा बेत होता.

"जन्मभर?" उल्हास म्हणाला. "पण आम्ही तर दोन वर्षांत परत जाणार आहोत."

बाईने तेही लिहून घेतलं.

तुम्ही किती सुखी आहात, एक ते सात, असा एक प्रश्न होता. उल्हासने विचारलं, "पास व्हायला किती लागतात?" शेवटचा प्रश्न असा : तुम्ही कुठे आहात हे ज्याला कायम माहीत असेल अशा एका व्यक्तीचं नाव आणि पत्ता. दोघांनी एकमेकांची नावं दिली. पत्ता एकच होता. बाईने पेन्सिल क्षणभर थांबवली, पण नियमात बसत होतं.

पुढे अरुण मोटारींच्या कारखान्यात लागला आणि गावातच राहिला. एक्याऐंशी साली उल्हास एका तेलकंपनीत लागून बायकोला, नीलाला घेऊन टेक्सासला गेला. त्याचे कागद मात्र अरुणच्या पत्त्यावरच येत राहिले. ब्याऐंशी साली अरुणने त्याला फोन केला.

"मार ना प्रॉक्सी," उल्हास म्हणाला.

यात नवीन काही नव्हतं. कॉलेजात हजेरीच्या वेळी उल्हासच्या नंबरला बारीक आवाजात 'यस सर' म्हणायचं काम अरुणकडेच असायचं. उल्हासची सही तर त्याला उल्हासपेक्षा बरी यायची. सुरुवातीला तो फोनवर विचारून लिहायचा. मग फोन विरळ झाले. भांडण झालं नाही; झालं असतं तर चार लोकांनी मध्ये पडून मिटवलं तरी असतं. झालं इतकंच, की नव्वदच्या दिवाळीत फोन अरुणने केला होता, म्हणजे पुढचा उल्हासने करायचा होता. तो काही आला नाही. अरुणही पाळी सोडणारा नव्हता. अशी सोळा वर्षं गेली.

कागद मात्र येत राहिले. ब्याण्णव साली अरुणने रागाच्या भरात उल्हासला ॲसिडिटी आणि गुडघेदुखी दिली आणि सुख सातपैकी तीनवर आणलं. चौऱ्याण्णवला त्याचं त्यालाच वाईट वाटून गुडघा बरा केला. पुढे बढती दिली. दोन हजार साली फिरायला जायची सवय लावली. दोन हजार दोनमध्ये सिगारेट सोडवली; अरुणला स्वतःला त्यासाठी तीन प्रयत्न लागले होते, उल्हासची एका खुणेत सुटली. इंजिनिअर असल्यामुळे प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून तो फायलीत लावायचा. त्याची बायको शुभा टपाल आणताना विचारायची, "तुमच्या मित्राचं काय करायचं ठरवलंय यंदा? बीपी नका लावू हो बिचाऱ्याला."

अरुण हसायचा. पण फॉर्म लिहायला बसला की कॉफीचे कप दोन काढायचा, आणि मग एक परत फडताळात ठेवायचा.

२००६च्या ऑक्टोबरात, एका शनिवारी, हिमानी घरी आली. विद्यापीठाच्या फुटबॉल मॅचचा दिवस, लोकांच्या अंगणापर्यंत गाड्या लागलेल्या, म्हणून ती सायकलवरून आली. ती मूळची नागपूरची, त्याच बासष्ट जणांच्या अभ्यासावर पीएचडी करत होती आणि अरुणला काका म्हणायची.

"काका, पुढच्या महिन्यात रिव्ह्यू आहे," ती म्हणाली. "कमिटी विचारतेय, अडतीस वर्षं झाली, आता पुरे की. मला त्यांना पटवायचंय. बाकीचे लोक लोणचं घातल्या दिवशीच चाखून मोकळे होतात. आपण अडतीस वर्षं तीच बरणी उघडून बघतोय. हे कोण करतं, यार? सॉरी, काका."

"खरं आहे," अरुण म्हणाला.

"म्हणून ब्रोशर काढतोय. जे एकदाही चुकले नाहीत त्यांचा फोटो. बासष्टमध्ये असा एकच निघाला."

अरुणने नकळत केसांवरून हात फिरवला.

"उल्हास टिपणीस! शंभर टक्के! तुमचं एक राहिलंय, काका. चौऱ्याऐंशीचं."

चौऱ्याऐंशी साली मुलाचा, शंतनूचा जन्म झाला होता. त्या गडबडीत अरुणने उल्हासचा फॉर्म भरला आणि स्वतःचा विसरला.

"माझं चौथं चॅप्टरच त्यांच्यावर आहे," हिमानी म्हणाली. "ब्याण्णवला पार तीनवर गेले होते, आणि तिथून कसे वर आले! यंदा सगळ्यांना प्रत्यक्ष भेटायचंय, ब्लड सॅम्पलपण घ्यायचंय. त्यांचा नंबर द्या ना. आमच्याकडे फक्त तुमचाच पत्ता आहे."

"शोधून देतो," अरुण म्हणाला. शुभा पोह्यांची बशी ठेवून एक शब्दही न बोलता आत गेली. तिचं न बोलणं पुष्कळ लांबपर्यंत ऐकू यायचं.

उल्हासला आधी पढवून ठेवायचं, असं अरुणने ठरवलं. गुडघा, बढती, सिगारेट, सगळं पाठ करून घ्यायचं. पोरीचं प्रकरण वाचेल आणि आपली अब्रूही. रविवारी सकाळी फाइल पुढ्यात घेऊन त्याने जुन्या डायरीतला नंबर लावला.

"हॅलो," उल्हासच होता. आवाज तसाच, फक्त सावकाश.

"मी अरुण."

पलीकडे लायटरचा खटका वाजला. मग, "सुचलं का? पाळी तुझीच होती."

"माझी? नव्वदच्या दिवाळीला मी केला होता!"

"आणि एक्याण्णवच्या जानेवारीत मी. तुझ्या पोराने घेतला. 'डॅड इज शव्हलिंग' म्हणाला. म्हटलं, बर्फ काढून झाला की करशील."

अरुणने खिडकीबाहेर पाहिलं. ड्राइव्हवेवर मेपलची पानं पडली होती. सहा-सात वर्षांच्या पोराला दिलेला निरोप. तो अजून वाटेतच होता.

"बरं, नीला कशी आहे?" काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं.

"नीला गेली, अरुण. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये." मग उल्हासच म्हणाला, "मला वाटलं तुला कळलं असेल. कळूनही फोन केला नाहीस असं वाटलं."

अरुणचं बोट फायलीतल्या अठ्ठ्याण्णवच्या कागदावर होतं. वैवाहिक स्थिती : विवाहित. सहजीवनातलं समाधान : सात. सहा द्यावं की सात, असा विचार केल्याचं त्याला आठवत होतं. नीलाच्या हातच्या खव्याच्या पोळ्या आठवल्या होत्या, म्हणून सात.

पढवायचं राहिलंच. त्याने सगळं सांगून टाकलं. प्रॉक्सी, गुडघा, सात. पलीकडून फोन आपटला जाईल म्हणून त्याने रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला.

"वाच," उल्हास म्हणाला.

"काय?"

"काय काय लिहिलंस ते. सत्त्याण्णवच्या पुढचं."

अरुण वाचू लागला. "दोन हजार. पत्नीबरोबर आठवड्यातून चार वेळा फिरायला जातो."

"कुठे?"

"ते विचारत नाहीत."

"तळ्यापर्यंत जात असू," उल्हास म्हणाला. "तिला बदकं आवडायची. पुढे?"

"दोन हजार दोन. सिगारेट सोडली."

"ती हात धुऊन मागे लागली असेल. मी अजून ओढतो. पुढे?"

"दोन हजार चार. निवृत्तीनंतर पत्नीसह भारतात सहा महिने राहण्याचा विचार आहे."

उल्हासच्या मागे कुठेतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं.

"चांगलं चाललं होतं की रे आमचं," तो अखेर म्हणाला. मग घसा साफ करून, "त्या पोरीला खरं सांगून टाक. नीलाला अशी सरकारदरबारी जिवंत ठेवू नकोस. पण त्या झेरॉक्स मला पाठव."

सोमवारी अरुण बसने विद्यापीठात गेला आणि हिमानीच्या टेबलावर फाइल ठेवली. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा ब्याण्णवच्या उल्हाससारखा तीनवर आला.

"ब्याण्णव ते दोन हजार चार. सात राउंड," ती म्हणाली. "काका, तुम्ही माझं चौथं चॅप्टर मारलंत."

"हो."

"आणि ब्रोशर."

"फोटो माझा लावा," अरुण म्हणाला. "खाली लिहा, असं करू नका."

तिला हसू आलं, ते तिला आवडलं नाही. कॉम्प्युटरवरच्या सात ओळी तिने पिवळ्या करून पुसल्या आणि तिथे 'माहिती नाही' टाकलं. अडतीस वर्षांतला उल्हासबद्दलचा हा सगळ्यात खरा शेरा होता. गाइड मॅडमना सांगावं लागेल, कमिटीलाही, असं ती म्हणाली. अरुण उठला.

"कुठे चाललात? नंबर द्या," हिमानी म्हणाली. "आमच्यात माणूस असा कटत नाही, काका. सापडत नसतो, एवढंच. सापडला की तिथून पुढे."

तिने तिथूनच फोन लावला आणि रिसीव्हरवर हात ठेवला. "तुम्ही बाहेर बसा. इंटरव्ह्यूत दुसरं कुणी नको, नियम आहे. तुमच्यासाठी तर खासच."

अरुण व्हरांड्यातल्या बाकावर बसला. दारातून शब्द कळत नव्हते. मध्ये बराच वेळ ती नुसती लिहून घेत असावी. मग ती एकदा मोठ्याने हसली. पास व्हायला किती लागतात हे उल्हासने विचारलं असणार. पन्नास मिनिटांनी ती बाहेर आली. नाक लाल होतं.

"शेवटच्या प्रश्नाला त्यांनी परत तुमचंच नाव दिलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, काका, नीट विचार करा. तर म्हणाले, त्यालाच माहीत नव्हतं हे खरं, पण दुसऱ्या कुणी इतकी वर्षं माझा विचारच केला नाही. आणि तुम्हाला निरोप आहे. कालचा फोन तुमचा धरलाय. आता पाळी त्यांची, तुम्ही मुळीच करायचा नाही."

पुढच्या रविवारी अरुणने अंगणातली पानं गोळा करायचं काम शंतनूवर सोपवलं. सकाळपासून तो फोनशेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसला होता. शुभाने डेट्रॉइटच्या बहिणीला फोन लावायला हात पुढे केला, तो त्याने अडवला.

"कुणाचा यायचाय?" तिने विचारलं.

"उल्हासचा."

शुभा फडताळाकडे गेली आणि तिने दुसरा कप काढला.