मुफलीसात दुर्री, तिर्री, चौकी

सगळं घर भंडारदऱ्याला निघालं, तरी जीप कोण चालवणार हे ठरेना. दिशाला लायसन मिळालं होतं, पण किल्ली कुणी देत नव्हतं. शेवटी तिनेच दिराला, कानिफनाथला, तीन पत्तीत आव्हान दिलं; जिंकेल त्याच्या हाती किल्ली. डाव मुफलीसचा, म्हणजे सगळ्यांत हलकी पानं जिंकणार.

कानिफनाथने दुर्री, तिर्री, चौकी आपटली.

"ह्याच्याहून हलकं काय हाय? बसा मागं, वहिनी!"

दिशाने दुर्री, तिर्री आणि पंजी मांडली, तिन्ही वेगळ्या रंगांची.

"भावजी, तुमची पानं ओळीनं लागली. झाला की सिक्वेन्स! तो लई भारी, म्हणून मुफलीसात हरतो."

कानिफनाथने पानं पुन्हा पाहिली आणि कपाळावर हात मारला. तोवर जीप सुरू झाली होती.

"भावजी, मागंच बसा!"