शुक्रवारचा कार्ब्युरेटर

गाडी

आखातात, जहरा गावाला एका कुंपणात ती उभी होती, चाकांशिवाय, विटांवर. शेव्हेल, एकाहत्तर सालची, अमेरिकन, दोन दारांची, आठ सिलिंडरची. मागच्या सीटच्या जागी दोन शेळ्या बसल्या होत्या आणि त्या उतरायला तयार नव्हत्या. शेळ्या सोडून बाकी सगळं घेऊन जा, असं मालक म्हणाला. काशिफने घेतलं.

काशिफला गाड्यांचा शौक नव्हता. राई या गॅरेजांच्या वस्तीत स्पेअर पार्टच्या दुकानात तो काउंटरवर असायचा. कोणी फिल्टर मागितला की फिल्टर, बेल्ट मागितला की बेल्ट. असल्या पगारात ही गाडी ठेवणं म्हणजे दारात हत्ती बांधणं, असं त्याची बायको झरीन म्हणाली. एवढंच म्हणाली, कारण गाडी कोणासाठी आहे ते तिला ठाऊक होतं.

भाऊ

साबीर. काशिफचा थोरला भाऊ. हर्णैहून आधी तो आला, मग त्याने काशिफला आणलं. राईतल्या एका गॅरेजात त्याने अर्धं आयुष्य काढलं. गेल्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या गाडीत तो नवं ऑइल भरायला लागला. खालचा बोल्ट बसवलेला नव्हता. वरून ऑइल जात होतं, खालून वाहत होतं. पायाशी तळं झालं तरी साबीर डबे फोडत होता, आणि एवढं ऑइल पिणारी गाडी कधी बघितली नाही म्हणून चकित होत होता.

डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं. घरी येऊन काशिफने झरीनला नाव नाही, अर्थ सांगितला. आधी नवं जाणार, मग जुनं, मग माणसं.

गॅरेजच्या मालकाने साबीरचं काम बंद केलं, पण इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपेपर्यंत राहू दिलं आणि गॅरेजच्या मागचा एक कोपरा वापरायला दिला. गावाहून साबीरची बायको, हफिजाभाबी, फोन करायची. त्यांना इकडं पाठव, मी बघते. काशिफ म्हणायचा, थोडं थांब भाबी. त्याला वाटत होतं, भाईचे हात चालू राहिले तर हातांना धरून डोकंही मागोमाग येईल.

गाडी बघून साबीर खूप हसला.

"तुला सायकलीत हवा भरता येत नाय, आनि हे काय आनलंस रे?"

"तू बनवून दे ना भाई. माझीच हाय."

"तुझी? मग आदी शेळ्यांची माफी माग."

सुटे भाग

नवीन काही घ्यायचं नाही, असं ठरलं. शुक्रवारी सकाळी दोघे भंगाराच्या आवारांतून फिरायचे. त्याला इथे सगळे सकराब म्हणतात. रेडिएटर एका ट्रकचा मिळाला, तो कापून बसवला. सीट एका शाळेच्या बसमधली. दारांपैकी एक हिरवं होतं, ते हिरवंच राहिलं. थर्मोस्टॅट साबीरने काढून फेकला. इथल्या उन्हात इंजिन तापायला मदत कशाला लागते?

त्या शुक्रवारांना साबीर साबीर होता. हाताला ग्रीस लागलं की त्याला काशिफच्या लहानपणची जखम आठवायची, हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव आठवायचा, काशिफला शिव्याही त्याच जुन्या. बोनेट खाली आलं की तो बाकावर बसून रस्त्याकडे बघायचा. मग त्याला काही विचारलं तर तो नुसता हसायचा. पाहुण्यांकडे बघून हसतात तसा.

हिवाळा सरता सरता फक्त कार्ब्युरेटर उरला.

कार्ब्युरेटर

शुक्रवारी साबीरने कार्ब्युरेटर खोलला. जेट, म्हणजे आतल्या बारीक भोकांच्या नळ्या, पेट्रोलमध्ये बुडवले, तारेने साफ केले, उजेडाला धरून एका डोळ्याने आरपार बघितले. आतला पोकळ फ्लोट हलवून कानाशी नेला, आत पेट्रोल शिरलंय का ते ऐकायला. मग सगळं बसवलं. मग काशिफला म्हणाला, "काश्या, मार सेल्फ." इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. पत्रे थरथरले. साबीरने डोळे मिटले.

गाडी झाली होती.

पुढच्या गुरुवारी दुकान सुटल्यावर काशिफ एकटाच गॅरेजच्या मागे गेला. त्याने कार्ब्युरेटर उतरवला, स्क्रू ढिले केले, जेटवर मूठभर धूळ सोडली आणि तो तसाच परत बसवला.

कार्ब्युरेटर

शुक्रवारी साबीरने कार्ब्युरेटर खोलला. कुठल्या गाढवाने बसवलाय हा, असं म्हणाला. जेट साफ केले, उजेडाला धरून बघितले. फ्लोट कानाशी नेला. सगळं बसवलं. "काश्या, मार सेल्फ." इंजिन लागलं. साबीरने डोळे मिटले.

कार्ब्युरेटर

शुक्रवारी साबीरने कार्ब्युरेटर खोलला. जेट साफ केले. फ्लोट कानाशी नेला आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवला. बसवलं. "मार सेल्फ." इंजिन लागलं.

फोन

असे किती शुक्रवार गेले ते काशिफने मोजले नाहीत. इकामा संपत आला तेव्हा त्याने भाईचं तिकीट काढलं. साबीर जायला तयार होईना.

"गिऱ्हाइकाची गाडी उघडी टाकून गावाला जाऊ? कवा गेलोय काय मी?"

नव्हता गेला. पोरीच्या लग्नालासुद्धा तो हळदीनंतर पोचला होता, कारण एका टॅक्सीचा गिअरबॉक्स टेबलावर होता.

काशिफने हफिजाभाबीला हे फोनवर सांगितलं.

"गाडी कवा होनार, काशिफ?"

"होईल भाबी. एक पार्ट मिळत नाय."

"तुला मिळत नाय? तू तर पार्टच्याच दुकानात हायस."

काशिफने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू ठेवून घे त्यांना, असं मी म्हनले असते," भाबी म्हणाली. "पन माझ्याकडंबी थोडे येऊ देत. थोडे उरलेत तवर."

फोन ठेवल्यावरही त्याने तिकीट पुढे ढकललं. एक आठवडा. त्याला एकच गोष्ट हवी होती. आठवड्यातून एकदा कोणीतरी त्याला काश्या म्हणायला हवं होतं. आईनंतर तसं म्हणणारा हा एकच माणूस उरला होता.

कार्ब

शुक्रवारी साबीरने खोलला. साफ केला. बसवला. मग हात पुसत वळून काशिफकडे बघितलं. चेहऱ्यावर अदब आली.

"अरबाब, जरा सेल्फ मारेगा?"

अरबाब, म्हणजे मालक. राईतला कोणताही मेकॅनिक गिऱ्हाइकाशी असंच बोलतो. थोडं हिंदी, थोडं अरबी. घरच्याशी कोणी तसं बोलत नाही. काशिफने वाट बघितली. भाई थट्टा करतोय, आता हसेल. साबीर हसला नाही. अरबाबची घाई होत असेल म्हणून त्याने पुन्हा, आणखी नरमाईने विचारलं.

काशिफने सेल्फ मारला.

त्यानंतरच्या गुरुवारी तो गॅरेजकडे फिरकला नाही.

गाडी

शुक्रवारी साबीरला खोलायला काही सापडलं नाही. त्याने प्रत्येक स्क्रूला हात लावला. सगळे घट्ट. त्याने बोनेट पाडलं, किल्ली काशिफच्या हातात दिली आणि एक चक्कर मारून बघायला सांगितलं. काशिफ गोदामांच्या रस्त्याने गेला. शुक्रवारमुळे शटर बंद होते. हिरवं दार खडखडत होतं, बाकी गाडी सुरळीत चालत होती. एवढी चांगली चालेल असं त्याला वाटलं नव्हतं. वळून तो गॅरेजपाशी आला तेव्हा साबीर दारात उभा होता. गाडी पहिल्यांदाच बघावी तसा तो पुढे आला आणि खिडकीशी वाकला.

"अहलन अरबाब. गाडी में क्या तकलीफ है?"

काशिफने इंजिन बंद केलं.

"कुछ नहीं, उस्ताद," तो म्हणाला. "बहुत अच्छा बना है."

"कोई काम बाकी नहीं?"

"नहीं."

साबीरने मान डोलावली. कोपऱ्यातल्या बादलीत साबणाची पावडर टाकून त्याने कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, आणि शर्टाच्या बाह्या खाली घेत परत आला.

"तो मैं छुट्टी पे जाता अरबाब. गाँव." जरा थांबून, दुसऱ्याला काम सांगताना माणूस संकोचतो तसं तो म्हणाला, "इधर मेरा छोटा भाई है. काशिफ नाम. मिलेगा तो उसको बोलना, मेरे वास्ते बैठे नहीं, खाना खा ले. वो मेरे बिना खाता नहीं."

"बोल दूँगा," काशिफ म्हणाला.