माझा कठडा का कापला

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पण घाबरू नका, माझ्यात कोणाला कोंडत नाहीत. न्यायालयात साक्षीदार ज्यात उभा राहतो, तो लाकडी पिंजरा मी. सुताराने माझा कठडा छातीइतका उंच ठेवला आणि रंधा मारून असा गुळगुळीत केला, की साक्षीदाराच्या हाताला लाकडाचं कुसळ टोचू नये. खरं बोलणारे आले, थापा मारणारेही आले. घामेजलेले तळवे मात्र मला सगळ्यांचे सारखेच लागले.

एकदा कपडे शिवणारी एक बाई आली. ती काम करायची त्या कारखान्याला आग लागून तिची मैत्रीण आत अडकून गेली होती. बाई सुताची रिळं आणायला बाहेर गेली, तेव्हा मुकादमाने दाराला कुलूप घातलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ती जन्मापासून बहिरी; बोलायची ते हातांनी. तिच्या खुणा सांगायला थोरली बहीण सोबत होती.

मुकादमाचे वकील म्हणाले, "साहेब, हातवारे म्हणजे काय साक्ष? बहीण पदरचं घालून सांगेल."

"हिला लिहिता येतं का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही साहेब. शाळेने घेतलंच नाही हिला," बहीण म्हणाली.

"मग खाली उतरवा."

तिने माझा कठडा गच्च धरला. शिपायाने एकेक बोट सोडवलं. मुकादम सुटला.

मैत्रिणीची आई मात्र गप्प बसली नाही. तिने वरच्या न्यायालयाचे उंबरे झिजवले. सहा वर्षांनी निकाल आला: खुणांची भाषा हीसुद्धा भाषाच, दुभाषी द्या, खटला पुन्हा चालवा.

बाई परत माझ्यात उभी राहिली. दुभाषी लगेच म्हणाला, "मॅडम, कठड्यामुळे यांचे हात दिसत नाहीत."

"यांना खाली उभं करू या का?" कारकुनाने विचारलं.

"नाही," नव्या न्यायाधीशबाई म्हणाल्या. "बाकीचे उभे राहतात तिथेच या उभ्या राहतील. सुताराला बोलवा."

करवत चालली. माझा कठडा कमरेइतका झाला.

मग तिचे हात बोलू लागले. वकिलांनी विचारलं, "एवढ्या धुरात तुम्हाला कुलूप दिसलं कसं?"

दुभाष्याने उत्तर सांगितलं, "धूर नंतर आला. कुलूप तर रोजच लागायचं."

मुकादमाला शिक्षा झाली.

निकालानंतर मैत्रिणीची आई बाईसमोर आली. सुरकुतलेले हात सावकाश हलवून तिने खुणा केल्या. सहा वर्षांत म्हातारी ती भाषा शिकली होती. मग दोघी रडल्या.

मित्रांनो, माझ्या कापलेल्या कठड्याला पॉलिश नसलं तरी चालेल. पण कोणी जीव तोडून काही सांगत असेल आणि तुम्हाला उमगत नसेल, तर "तुला सांगता येत नाही" म्हणू नका. "मला अजून कळत नाही, पुन्हा सांग," असं म्हणा.