सातव्या प्रकरणातली मुलगी

“अवतरण सुरू. पाहुणे आलेत, स्वल्पविराम, बसू दे त्यांना, स्वल्पविराम, जाहिरात लागली की बोलू. पूर्णविराम. अवतरण बंद.”

वाचता वाचता मुलीला हसू आवरेना. समोर तिचे वडील, टिंबतात्या, नव्या मुद्रितांवर नाक टेकवून बसले होते, त्यांचीही मिशी हलली.

वाचायची ही तऱ्हा छापखान्यातली. एकाने जुन्या प्रतीतून विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नव्या कागदावर बोट फिरवत चुका धरायच्या. तात्यांनी उभा जन्म हेच केलं. सुटलेला अनुस्वार त्यांना घासातल्या खड्यासारखा लागायचा, म्हणून तर छापखान्यात सगळे त्यांना टिंबतात्या म्हणत. दुसऱ्यांची पुस्तकं तपासण्यात आयुष्य गेलं. स्वतःचं म्हणावं असं एकच लिहिलं, तेही पंचेचाळीस दिवसांत. टीव्हीवर तेव्हा अंतराळयानाची एक मालिका गाजत होती आणि मालकांना तिच्यावर कादंबरी हवी होती. ठरलेल्या लेखकाने ऐनवेळी अंग काढून घेतलं. मालक म्हणाले, तात्या, आता तुम्हीच लिहा. मुखपृष्ठावर चकचकीत कपड्यांतले नट आले. तात्यांचं नाव आतल्या पानावर, मुंगीएवढं.

पण देवाने बुद्धी दिली म्हणा, तात्यांनी नुसती मालिका उतरवली नाही. त्यांनी यान अशा एका ग्रहावर नेलं, जिथे घरोघर एक उजळ भिंत होती आणि माणसं तिच्यासमोरून हलत नव्हती. तिथली लग्नं जाहिरातीच्या वेळात उरकायची. एका घरात आजोबा गेल्याचं मालिका संपल्यावर कळलं. वाचणारे पोट धरून हसले, आणि हसून झाल्यावर टीव्ही लावून बसले.

आता ती मालिका पुन्हा दाखवणार होते, म्हणून मालकांचा मुलगा पुस्तकही पुन्हा काढत होता. तात्यांचे डोळे अधू झालेले. दोन कागदांवर नजर ठरेना. त्यांची मुलगी दवाखान्यात क्ष-किरण फोटो काढायचं काम करायची, ती चार दिवसांची रजा काढून मदतीला घरी आली. चाळिशीला टेकली, पण वडिलांचं हे पुस्तक तिने आजवर उघडलं नव्हतं. का, ते तात्यांनी कधी विचारलं नाही. उद्या दुपारच्या गाडीने ती जाणार होती. त्याआधी तिने एकदा ‘छान लिहिलंय’ म्हणावं, एवढ्यावर म्हाताऱ्याचा जीव अडकला होता. ती हसली की ते मनात मोजत. आत्तापर्यंत अकरा वेळा.

सातवं प्रकरण लागलं.

“दारात एक लहान मुलगी उभी होती. पूर्णविराम. तिच्या हातात एक कागद होता. पूर्णविराम. अवतरण सुरू. बाबा, स्वल्पविराम, हे बघा ना. पूर्णविराम. अवतरण बंद. मान न वळवता बाप म्हणाला, स्वल्पविराम, अवतरण सुरू. आत्ता नाही, स्वल्पविराम, जा, स्वल्पविराम, भिंत बघ.”

तात्यांचं बोट थांबलं.

“पूर्णविराम राहिला, बाळ.”

त्यांनी मान वर केली. मुलगी दाराकडे बघत होती.

“आत्ता नाही, जा, टीव्ही बघ,” ती म्हणाली. “असं म्हणायचात तुम्ही. मी त्या दारात उभी असायची.”

आवाजात राग नव्हता. फोटोत हाड कुठे मोडलंय ते दाखवावं, तसं तिने सांगितलं.

घरात टीव्ही आला तोच या पुस्तकापायी. मालिका बघितल्याशिवाय लिहिणार कसं? मालिका आठवड्यातून दोनदा, पण टीव्ही रोज संध्याकाळी चालू राहू लागला, कारण पोर गप्प बसायची आणि तात्यांची लेखणी चालायची. बायको एकदा म्हणाली होती, लेकीला जरा जवळ घ्या. एवढं पुस्तक होऊ दे, असं ते म्हणाले. पुस्तक झालं, तोवर पोरीने दारात यायचं सोडलं होतं. ज्या भिंतीवर लोक हसले, ती लेकीपुढे त्यांनीच उभी केली होती, आणि पोरीकडे पाठ करून ते लोकांना शहाणं करत बसले होते.

“मला वाटायचं, ते वाक्य मी रचलं,” तात्या म्हणाले. “काय असायचं गं त्या कागदावर?”

तिने खरंच आठवून बघितलं.

“नाही आठवत, बाबा. रोज काहीतरी असायचं.” मग तिने पान उलटलं. “वाचू पुढे?”

पुढे ती मुलगी नव्हती. पुढच्या परिच्छेदात यान उडालं होतं.

ज्या शंकेचं उत्तर फक्त लेखक देऊ शकतो, तिथे मुद्रितं तपासणारा समासात गोलात प्रश्नचिन्ह काढतो आणि पुढे जातो. तात्यांनी अशी हजारो काढली असतील. ‘तिच्या हातात एक कागद होता’ या ओळीशेजारी त्यांनी एक काढलं. गोल वाकडा आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पायात चपला सरकवताना मुलगी म्हणाली, “छान लिहिलंय तुम्ही. खरंच. आणि डोळ्यांत औषध घालत जा.”

तात्यांनी मान हलवली. तिची पिशवी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ते दारात उभे होते. मग आत येऊन त्यांनी गठ्ठा पुन्हा चाळला. इतर सगळ्या शंका मिटल्या होत्या. सातव्या प्रकरणातला वाकडा गोल तेवढा राहिला होता, आणि त्याच्याशेजारी लेखकाने उत्तर लिहायची कोरी जागा. गठ्ठा न्यायला छापखान्यातून माणूस यायचा होता. तात्या पेन्सिलीला टोक करून तिथेच बसून राहिले.