ओहोटीच्या रेषेवरचा बांध

मित्रांनो, मी एक जुना बांध आहे. शेताचा नव्हे, समुद्राचा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका बेटाच्या खाडीत, ओहोटीचे पाणी जिथवर मागे सरते तिथे, क्वाक्वाकावाक्व लोकांनी मला दगडावर दगड ठेवून उभे केले. माझ्या पाठीशी वाळू साचली, वाळूत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वाढल्या आणि त्या तिसऱ्यांवर पिढ्यान् पिढ्या पोसल्या.

यालाओगा नावाची बाई ही माझी सर्वांत कडक मालकीण. ओहोटी लागली की ती सुना-नातींना घेऊन यायची आणि काठीने वाळू उकरायची. कोणी बारीक तिसरी टोपलीत टाकली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होई.

"अगं, पाळण्यातलं पोर उचलतेस का? ठेव ते परत!"

पोरी फिदीफिदी हसायच्या, पण ठेवायच्या.

मग शिडांची जहाजे आली. एक खलाशी माझ्यावर उभा राहिला, चौफेर पाहून म्हणाला, "जागा छान आहे, पण सगळी ओसाड!" तेव्हा यालाओगाच्या नाती त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर तिसऱ्या काढत होत्या. जहाजांमागून देवीची साथ आली. घरेच्या घरे विझली. उरलेल्यांना सरकारने दूरच्या वस्तीत हलवले. डोंगरावरचे जंगल तोडले गेले आणि उघड्या उतारांवरचा चिखल ओढ्यातून येऊन माझ्या वाळूवर बसला. तिसऱ्या गुदमरल्या. माझे काही दगड ढासळले, तरी मी जागा सोडली नाही.

पुष्कळ वर्षांनी एका लाकूड कंपनीला इथे ओंडके उतरवण्यासाठी धक्का हवा होता. पाहणीला आलेला अधिकारी मला बघून म्हणाला, "हे दगड लाटांनी आणून टाकलेले दिसतात."

सोबत हेझल होती, यालाओगाच्याच लोकांतली, पुरातत्त्व शिकलेली. तिची विनिफ्रेड आजीही आली होती.

"लाटांना बरी रांग लावता येते," आजी म्हणाली. "आमच्या पोरांना जेवतानासुद्धा येत नाही!"

अधिकारी हसला. "आजी, मला पुरावा लागेल."

"थांबा, खणून दाखवते," हेझल म्हणाली.

तिने माझ्या कुशीत चर खणला. तळाशी, माझ्या जन्माआधीचे शिंपले, लहान आणि विरळ. त्यावर माझ्या काळातले, तळहाताएवढे, थरावर थर. सर्वांत वर चिखल आणि त्यात काही खुरटलेले. अधिकारी चरात उतरला, गुडघ्यांवर बसला आणि त्या जाड थरावरून बोट फिरवत राहिला.

"ही तर शेती आहे!"

"हो. आणि वरचा हा चिखल, जंगल तोडल्यानंतरचा." हेझल म्हणाली.

आजीने एक मोठा शिंपला उचलून स्वेटरच्या बाहीने पुसला. "हे खाऊनच आपण आहोत, पोरी," ती म्हणाली.

धक्का दुसरीकडे गेला. चिखल उपसायला सगळी वस्ती लोटली, भांडत, एकमेकांची टिंगल करत.

मित्रांनो, माझ्यावर कोणा राजाचे नाव कोरलेले नाही. मला बायकांच्या हातांनी रचले, आणि तेवढ्यावर माझी मान ताठ आहे. तुमच्या गावातही माझा एखादा भाऊबंद असेल, जुना पाट, तळे, बांध. त्याला नुसता नमस्कार करून पुढे जाऊ नका, त्याचा गाळ काढा. गाळ निघाला की आम्ही पुन्हा कामाला लागतो. माझ्या वाळूत तिसऱ्या धरू लागल्या आहेत.