गेरूचा पंजा

वाचकहो, एका मेंढपाळाच्या अंतःकरणात एका सकाळी जे घडले, ते यथाशक्ती शब्दांत मांडण्याचा मी येथे प्रयत्न करीत आहे. आपण ते शांत चित्ताने वाचावे.

...बोटाला लावलेल्या त्या चिमट्यात तांबडा दिवा होता. नखातून तो आरपार दिसे, आणि किशनरावांना वाटले — बोट गेरूत बुडाले आहे. रक्तातील प्राणवायू मोजणारा तो चिमटा सून साधनाने काढून घेतला. "ठीक हाय मामा, चला," ती म्हणाली, आणि दोघे पिंगळीच्या रस्त्याला लागले.

विडीने फुप्फुसे निकामी होत चालली आहेत, औषधाबरोबर चालण्याचा व्यायाम हवाच, असे परभणीच्या दवाखान्यातील बाईंनी बजावले होते. दम लागला की थांबायचे, ओठांचा चंबू करून विस्तवावर फुंकर घालावी तसा श्वास सोडायचा, पुन्हा निघायचे. बाई शहाण्या होत्या. परंतु मेंढ्या त्यांनी कधी चालवल्या नव्हत्या.

किशनरावांनी जन्मभर चालवल्या. एखादी खोकू लागली की ते तिला मुद्दाम चढावर हाकीत आणि मागून पाहत — थांबली, की तिच्या पाठीवर गेरूचा पंजा. बाजाराच्या दिवशी खाटीक येई आणि पंजा पाहून तीच ओढून नेई. थांबलेल्या मेंढीला कुणी कधी विचारले होते, की बाई, तू पुन्हा चालणार होतीस काय?...

आणि आज साधना मागून चालत होती. मागूनच का?

"मामा, बोलत चला. बोलता आलं म्हंजी दम लागला न्हाई, असं म्याडम म्हनल्या."

"काय बोलू?"

"काय बी. मला शिव्या द्या, रोज देता की!"

हसू आले असते, पण हसायलाही वारा लागतो. पुलाचा चढ आला. काल मुलगा गोपाळ फोनवर कुणाला सांगत होता — 'आता न्हाई होत त्यायच्यानं, इकून टाकू' — तो मेंढ्यांविषयीच बोलत होता... मेंढ्यांविषयीच. मी दमलो नाही. छातीत सुतळी आवळत आहे, सोयाबीनचे रान पिवळे, मग करडे... मी दमलो नाही, मी मागे पडलेलो नाही...

"थांबा की! ओठ निळे पडायलेत! एडक्यावानी काय हट्ट करायलाव?"

पाय थांबले. त्यांनी थांबवले नव्हते. ओठांचा चंबू झाला. फुंकर निघेना, मग निघाली, बारीक. साधनाचा तळवा पाठीवर टेकला — घामाने ओला, पाची बोटे पसरलेली. "हळू मामा, हळू..." ती पाठ चोळीत होती, आणि त्या हाताची ऊब खरी होती, हे किशनरावांना कळत होते. श्वास एकेक करून परत येत होता, सांजेला मेंढरे वाड्यात शिरतात तसा.

"निघायचं का पुन्यांदा?"

त्यांनी मान डोलावली. हात पाठीवरून उचलला गेला. त्या जागी सदरा गार लागू लागला... आणि तिथे काय उरले असेल, हे मान वळवून पाहण्याचा धीर मात्र त्यांना झाला नाही.

माझे हे वेडेवाकडे लेखन आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे.

— आपला नम्र, भुजंग टेकाळे, पेडगाव